लोणावळ्याच्या शिबिरात १५ मुली सोबत होत्या, पंडिता रमाबाईंनी देवाकडे २२५ मागितल्या

मे महिना लागला की विदर्भात दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे ४५ च्या आसपास गेलेला पारा आणि दुसरी म्हणजे शिबिरांची पोस्टर. राळेगाव घ्या, वणी घ्या नाहीतर पांढरकवडा. कुठं संस्कार शिबिर, कुठं बालनाट्य, कुठं अबॅकस. आणि गावात चर्च असेल तर त्याच्या गेटवर एक बॅनर, व्हीबीएस. म्हणजे व्हेकेशन बायबल स्कूल.

लहान पोरांसाठी गाणी, खेळ, चित्रं आणि बायबलमधल्या गोष्टी. जरा मोठ्या पोरापोरींसाठी चार-पाच दिवसांचं निवासी युवा शिबिर. सकाळी प्रार्थना, दुपारी गटचर्चा, संध्याकाळी व्हॉलीबॉल आणि रात्री गाणी. यातली काही शिबिरं थंड हवेच्या ठिकाणी होतात, आणि त्यात शहाणपणच आहे, कारण मे महिन्यात राळेगावात शेकोटी पेटवायची हिंमत कोण करणार?

तसं यवतमाळ आणि ख्रिस्ती शिक्षण हे नातं जुनं आहे. आज पुण्यात असलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली होती आणि १९८३ पर्यंत तिथंच होती. देशभरातले धर्मशास्त्राचे विद्यार्थी तेव्हा यवतमाळची एसटी पकडायचे.

पण आपला किस्सा त्याच्याही बराच आधीचा आहे. १८९६ चा एप्रिल. ठिकाण लोणावळा. त्या वेळी वीकेंडवाले नव्हते, मुंबई-पुणे रेल्वे मात्र होती आणि झाडी होती. त्या झाडीत एक ख्रिस्ती शिबिर भरलं होतं. त्याला आलेल्यांमध्ये ३८ वर्षांच्या एक बाई होत्या, आणि त्यांच्यासोबत त्यांच्या शाळेतल्या १५ मुली.

बाईंचं नाव पंडिता रमाबाई.

आता शाळेत आपण रमाबाईंबद्दल दोन ओळी वाचलेल्या असतात. शारदा सदन काढलं, विधवांना शिकवलं, संपलं. लोणावळ्याचा विषय त्यात नसतो. पण त्या चार दिवसांनी पुढची पंचवीस वर्षं कशी गेली हे समजायचं असेल तर आधी त्या तिथं पोचल्या कशा हे बघावं लागतं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात. आज हा भाग कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे मोठे विद्वान. शास्त्रीबुवांचे गुरू पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवायचे. ते बघून तरुण अनंतशास्त्रींच्या डोक्यात बसलं की बायकांना संस्कृत येऊ शकतं, मग का शिकवू नये? पुढं त्यांनी आपल्या बायकोला, म्हणजे लक्ष्मीबाईंना, शिकवायला घेतलं. गावातल्या पंडितांनी जाब विचारला. शास्त्रीबुवांनी शास्त्रातलेच आधार काढून दाखवले, पण कटकट थांबेना तेव्हा बायकोला घेऊन सरळ जंगलात जाऊन राहिले. तिथंच रमा जन्मली.

ती सहा महिन्यांची असताना कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडलं. लहानग्या रमाला वेताच्या पेटाऱ्यात ठेवून एका गड्याच्या डोक्यावर दिलं होतं. यात्रा जी सुरू झाली ती पुढं वर्षानुवर्षं चाललीच. देवळात पुराण सांगायचं, मिळालेल्या दक्षिणेवर जगायचं आणि पुढचं तीर्थ गाठायचं. रमाला शाळा अशी नव्हतीच. आईनं चालता चालता शिकवलं. भागवताचे हजारो श्लोक तोंडपाठ झाले.

एका अर्थानं रमाबाईंचं सगळं बालपण हेच एक न संपणारं धार्मिक शिबिर होतं. उघड्यावर मुक्काम, पहाटे स्नान, पठण आणि पुन्हा प्रवास.

मग आला दक्षिणेतला दुष्काळ. शास्त्रीबुवांकडचे पैसे दानधर्मात संपले होते. अंगमेहनत करायची सवय नाही, भीक मागायची लाज. झाडपाला खाऊन दिवस काढले. १८७४ मध्ये वडील गेले, काही आठवड्यांत आई गेली, पुढं थोरली बहीणही गेली. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं भारतभर पायी फिरले. आंघोळीनं, व्रतांनी, दानानं काहीच कसं झालं नाही, हा प्रश्न रमाच्या मनात तिथंच रुजला.

ही उपासमार लक्षात ठेवा, कारण वीस वर्षांनी तीच रमाबाईंना पुन्हा घराबाहेर काढणार होती.

१८७८ मध्ये भावंडं कलकत्त्याला पोचली. वीस वर्षांची मराठी पोरगी अस्खलित संस्कृतात बोलते म्हटल्यावर तिथले पंडित चकित झाले. परीक्षा घेऊन त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. गंमत अशी की वेद वाचायला तिला केशवचंद्र सेन यांनी सांगितलं, घरच्यांनी नाही. बायकांनी वेद वाचायचे नाहीत हे तिच्या सुधारक बापानंही मानलं होतं.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. आंतरजातीय, आंतरप्रांतीय आणि तेही १८८० मध्ये. १८८१ ला मुलगी झाली, मनोरमा. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये कॉलऱ्यानं नवरा गेला. वय वर्षं २३, विधवा, कडेवर मूल आणि माहेर-सासर दोन्ही नाही.

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला. शिक्षणाच्या चौकशीसाठी आलेल्या हंटर आयोगापुढं साक्ष दिली आणि बायकांसाठी बाई डॉक्टर आणि बाई शिक्षक हव्यात हे ठणकावून सांगितलं. स्वतःच डॉक्टर व्हायचं ठरवून १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. पण त्यांना ऐकायला कमी येत होतं, त्यामुळं वैद्यकीचा नाद सोडावा लागला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी वाँटेजच्या मठात मनोरमासह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात बॉम्ब पडला. शास्त्रार्थात पुरुषांना हरवणारी ब्राह्मण विदुषी ख्रिस्ती झाली, हे पुण्याला पचणारं नव्हतं. महात्मा फुले मात्र तिच्या बाजूनं उभे राहिले. १८८५ च्या सत्सार या पुस्तिकेत त्यांनी रमाबाईंची बाजू घेतली.

पण इथं एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ज्या चर्चमध्ये रमाबाई गेल्या त्या चर्चचंही त्या निमूट ऐकत नव्हत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं बिशपांचं मत पडलं, तेव्हा रमाबाई चिडल्या आणि पत्रांतून भांडल्या. कोणता सिद्धांत मानायचा, कोणता नाही, हे मी स्वतः वाचून ठरवीन, असा त्यांचा खाक्या. पंडितांना न जुमानणारी बाई पाद्र्यांना कशी जुमानेल?

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं आनंदीबाई जोशी यांचा डॉक्टरकीचा पदवीदान समारंभ. गेल्या त्या दोन-अडीच वर्षं राहिल्या, बालवाडीची पद्धत शिकल्या, भाषणं दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. बॉस्टनमध्ये त्यांच्या नावानं संस्था निघाली आणि विधवांच्या शाळेला दहा वर्षं पैसे द्यायचं तिनं कबूल केलं.

थोडं थांबून एक विषयांतर करतो, कारण अमेरिकेचा आणि शिबिराचा संबंध इथं आहे.

ख्रिस्ती शिबिर हा प्रकार मुळात अमेरिकेच्या सीमाभागातला. तिकडं शेतकरी लांब लांब विखुरलेले, प्रत्येक वस्तीला पाद्री मिळायचा नाही. मग वर्षातून एकदा मोकळ्या माळावर जमायचं, गाड्या उभ्या करायच्या, तंबू ठोकायचे आणि काही दिवस प्रवचनं, गाणी, प्रार्थना. १८०१ मध्ये केंटकीतल्या केन रिज इथं असा मेळावा झाला त्याला हजारो लोक जमले. याला कॅम्प मीटिंग म्हणायचे. मेथडिस्ट पंथानं ही पद्धत उचलली. आपल्याकडच्या जत्रेची आणि हरिनाम सप्ताहाची आठवण येते ना? तंबू, भजन, सामुदायिक जेवण, सगळं तेच.

तरुणांसाठी वेगळं शिबिर ही कल्पना नंतरची. १८८५ मध्ये वायएमसीएच्या समनर डडली यांनी न्यू यॉर्क राज्यातल्या ऑरेंज लेकवर काही मुलांना तंबूत राहायला नेलं, तिथून मुलांच्या उन्हाळी शिबिरांची परंपरा मोजतात. पुढच्याच उन्हाळ्यात, १८८६ ला, मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मनला डी. एल. मूडी यांच्या पुढाकारानं कॉलेजच्या पोरांचं जवळपास महिनाभराचं शिबिर झालं. तिथून शंभर जण मिशनरी म्हणून जायला तयार झाले. म्हणजे रमाबाई अमेरिकेत फिरत होत्या तेव्हा तिथं ही लाट नुकती उठत होती.

भारतातल्या मिशनऱ्यांना तर शिबिरासाठी आणखी एक कारण होतं. एप्रिल-मे मध्ये मैदानी भागात राहणं त्यांना सोसायचं नाही. मग लोणावळ्यासारख्या ठिकाणी जमायचं आणि तिथंच प्रार्थनेचं शिबिर घ्यायचं.

तर परत रमाबाईंकडं.

११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये होत्या गोदूबाई जोशी, पुढं महर्षी कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झालेल्या. १८९० मध्ये सदन पुण्याला हललं. नियम साफ होता. धर्माच्या बाबतीत शाळा तटस्थ राहील, मुलींना आपले आचार पाळायची मुभा असेल. रानडे, भांडारकर अशी दांडगी मंडळी सल्लागार मंडळात होती.

अडचण झाली एका दरवाजावरून.

रमाबाई आपल्या खोलीत मनोरमाला घेऊन प्रार्थना करायच्या आणि खोलीचं दार उघडं ठेवायच्या. काही मुली येऊन बसू लागल्या. बोलावणं नव्हतं, पण बंदीही नव्हती. केसरीनं आवाज उठवला, पालक बिथरले. १८९३ मध्ये सल्लागार मंडळानं राजीनामे दिले आणि वीस-पंचवीस मुलींना घरच्यांनी काढून नेलं.

इथं दोन्ही बाजूंना वजन आहे, हे मान्य करायला हवं. रमाबाईंचं म्हणणं होतं, माझ्या घरात मी दार लावून प्रार्थना का करायची? मुलींना बुद्धी आहे, त्या ठरवतील. रानड्यांसारख्यांचं म्हणणं होतं, बारा-पंधरा वर्षांच्या अनाथ विधवेला ज्या बाईनं आसरा दिला, ती बाई ज्या खोलीत डोळे मिटून बसते, त्या खोलीत जाणं हे पूर्ण स्वतःच्या मर्जीनं असतं का? आसरा देणाऱ्याचं प्रेम हाच एक मोठा दबाव असतो. आजही कुठल्याही धर्माच्या शिबिरात पोरांना नेणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही.

रमाबाईंच्या स्वतःच्या मनातही याच काळात उलथापालथ चालू होती. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षं झाल्यावर, १८९१ च्या सुमारास, त्यांना जाणवलं की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला खरा, पण तो डोक्यानं. संस्कृत पंडितानं एका दर्शनावरून दुसऱ्या दर्शनावर यावं तसा. आतून काही हललं नव्हतं. आता ते हललं. आणि एकदा हललं म्हटल्यावर तटस्थ राहणं त्यांना जमेनासं झालं. १८९५ मध्ये सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला आणि पुण्यात पुन्हा गदारोळ झाला.

या पार्श्वभूमीवर १८९६ चा एप्रिल उजाडतो. लोणावळ्याचं शिबिर. गेल्सन ग्रेगसन नावाचे इंग्रज प्रचारक प्रवचनं द्यायला होते.

एका पहाटे रमाबाई एकट्याच उठून झाडीत गेल्या. सूर्य उगवायच्या आधी. सोबत आलेल्या १५ मुली आता ख्रिस्ताला मानणाऱ्या होत्या, त्याचा आनंद मनात होता. आणि तिथं त्यांनी एक विलक्षण मागणी केली. या १५ चा वर्ग कर. पंधरा गुणिले पंधरा. दोनशे पंचवीस. आणि मुदतही घातली, पुढच्या शिबिराच्या आत.

रमाबाई भाबड्या नव्हत्या. शाळेचा जमाखर्च स्वतः बघणारी बाई. हा आकडा अशक्य आहे हे त्यांना कळत होतं. सदनात तेव्हा सगळ्या मिळून जेमतेम पन्नासएक मुली. पुण्यातलं कुठलं घर आता आपली लेक त्यांच्याकडं पाठवणार होतं? बॉस्टनच्या मदतीची दहा वर्षंही संपत आली होती, म्हणूनच त्यांनी पुण्यापासून साठेक किलोमीटरवर दौंडच्या वाटेवर केडगावला माळरान घेऊन फळझाडं लावली होती, निदान त्यावर शाळा चालेल म्हणून. तरी त्यांनी तो आकडा लिहून ठेवला.

पाऊस लागायच्या आधीचं हे बोलणं. आणि त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला.

१८९६-९७ चा दुष्काळ हा त्या शतकातल्या सर्वांत भीषण दुष्काळांपैकी एक. मध्य प्रांतात, ज्याची राजधानी नागपूर होती, माणसं रस्त्याकडेला पडू लागली. शेजारच्या वऱ्हाडालाही झळ बसली. आपलं राळेगाव तेव्हा वऱ्हाडच्या वणी जिल्ह्यात होतं, त्या जिल्ह्याला यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये मिळालं.

बातम्या पुण्यात पोचल्या तशी रमाबाईंना आपली उपासमार आठवली. आईबाप डोळ्यांपुढं गेलेले, पानं चावलेली. त्या उठल्या आणि मध्य प्रांतात गेल्या. सरकारी अनाथगृहं पाहिली, मदतकामं पाहिली. तिथं त्यांना दिसलं की एकट्या पडलेल्या तरुण पोरींवर दलालांचा डोळा आहे. मूठभर धान्याला मुली विकल्या जात होत्या.

किती मुली आणायच्या याचा हिशेब होता. पैसे नव्हते, जागा नव्हती. तरी गाडीनं पुण्याला मुलींच्या तुकड्या येऊ लागल्या. हाडांचे सापळे, केसांत उवा, अंगावर खरूज, काहींना माणसांत कसं बसायचं तेही आठवत नव्हतं. शारदा सदनातल्या आधीच्या मुलींनी त्यांना आंघोळी घातल्या, भरवलं. ज्या पोरींना काल कोणी सांभाळलं होतं त्याच आज सांभाळणाऱ्या झाल्या.

तेवढ्यात पुण्यात प्लेग आला. इतक्या मुली एका ठिकाणी ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. मग रमाबाईंनी सगळ्यांना केडगावच्या माळावर हलवलं. तिथं इमारत नव्हती. तंबू आणि गवताचे आडोसे. सकाळी प्रार्थना, मग काम, मग धडे, संध्याकाळी भजन. वर्षभरापूर्वी लोणावळ्याला चार दिवस जे हौसेनं केलं होतं ते इथं नाइलाजानं रोजचं जगणं झालं.

आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दुष्काळातून आलेल्या मुलींचा आकडा २२५ च्या पुढं गेला होता.

रमाबाईंनी याला उत्तर मानलं. श्रद्धा नसलेला माणूस म्हणेल, दुष्काळ पडला म्हणून मुली आल्या, यात चमत्कार कसला? आणि एक बोचरा प्रश्नही उरतोच. त्यांनी मागितल्या होत्या त्या श्रद्धेनं आलेल्या मुली. आल्या त्या भुकेनं. पुढं त्यातल्या बऱ्याच जणींनी बाप्तिस्मा घेतला, भीमा नदीवर बैलगाड्या भरभरून गेल्या. ज्या मुलीला जगात दुसरं कोणीच नाही, तिच्या होकाराचं वजन किती धरायचं? रमाबाईंच्या टीकाकारांनी तेव्हा हेच विचारलं आणि त्यांना खोडून काढता येत नाही. पण विचारणाऱ्यांपैकी मध्य प्रांतात जाऊन पोरी आणणारे किती होते, हा उलटा प्रश्नही तितकाच बोचरा आहे.

शिवाय रमाबाई सरकारच्या मांडीवर बसलेल्या होत्या असंही नाही. प्लेगच्या तपासणीत बायकांना कशी वागणूक मिळते, आपल्या एका मुलीचं छावणीत काय झालं, यावर त्यांनी १८९७ च्या मे महिन्यात मुंबईच्या एका इंग्रजी ख्रिस्ती पत्रात उघड पत्र लिहिलं. विषय पार्लमेंटपर्यंत गेला. सरकारनं आरोप नाकारले. ज्या पुण्यानं त्यांना वाळीत टाकल्यासारखं केलं होतं त्याच पुण्याच्या बायकांसाठी ही बाई गोऱ्या अधिकाऱ्यांशी भिडली, हे आपण सोयीनं विसरतो.

केडगावच्या वस्तीला नाव मिळालं मुक्ती. १८९८ मध्ये रमाबाई अमेरिकेला जाऊन आल्या, बॉस्टनच्या मंडळाला दहा वर्षांचा हिशेब दिला. येताना इंग्लंडमधल्या केझिकला थांबल्या. केझिक म्हणजे तळ्याकाठचं गाव, तिथं १८७५ पासून दर उन्हाळ्यात तंबूत मोठं ख्रिस्ती अधिवेशन भरतं. पुन्हा शिबिरच.

१९०० च्या गुजरातच्या दुष्काळात रमाबाईंच्या माणसांनी आणखी शेकडो मुली आणल्या आणि केडगावची वस्ती दीड हजाराच्या वर गेली. एवढ्या पोरींना नुसतं बसवून खायला घालणं त्यांना मान्यच नव्हतं. विणकाम, तेलघाणी, शेती, दुग्धशाळा, शिवण, छापखाना. अंध मुलींना ब्रेल शिकवायची सोय मनोरमानं केली. एकीकडं पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी अक्षर पाहिलं नव्हतं त्या मुली खिळे जुळवायला शिकल्या.

१९०५ मध्ये मुक्तीत जे झालं ते तरुणांच्या चळवळींच्या इतिहासात जगभर नोंदलं गेलंय. वेल्समध्ये तेव्हा धार्मिक जागृतीची लाट होती. त्याआधीच मनोरमा आणि मिनी अब्राम्स या अमेरिकन सहकारी ऑस्ट्रेलियाला जाऊन तिथले प्रार्थनेचे गट कसे चालतात ते बघून आल्या होत्या. जानेवारी १९०५ पासून केडगावला रोज पहाटे प्रार्थना सुरू झाली. सुरुवातीला ७० जणी, मग संख्या फुगत गेली. जूनमध्ये रमाबाईंनी विचारलं, शाळा बाजूला ठेवून आसपासच्या गावांत जायला कोण तयार आहे? तीसेक मुली पुढं आल्या. जूनच्या अखेरीस एका रात्री मुलींच्या वसतिगृहात रडणं, पापांची कबुली, मोठ्यानं प्रार्थना सुरू झाली आणि ती कित्येक दिवस थांबली नाही.

बाहेरून आलेल्या काही मिशनऱ्यांना हा प्रकार पसंत पडला नाही, फारच गोंगाट वाटला. रमाबाईंनी मुलींना गप्प केलं नाही. त्यांनी वारी बघितली होती, कीर्तन बघितलं होतं. भक्तीत माणूस नाचतो, रडतो, हे त्यांना नवीन नव्हतं. माझ्या मते इथं त्यांच्यातल्या पुराणिकाच्या लेकीनं निर्णय घेतला.

पुढं मुलींच्या टोळ्या गावोगाव जाऊ लागल्या. विचार करा, १९०५ चा महाराष्ट्र. ज्या पोरी दहा वर्षांपूर्वी धान्याला विकल्या जाणार होत्या त्या पाच-सहा जणींचा गट करून परक्या गावात उभ्या राहतायत, गातायत, हजार प्रश्नांना उत्तरं देतायत. ते काय सांगत होत्या ते पटो न पटो, तरुण मुलींनी एकत्र बाहेर पडून चार लोकांसमोर बोलणं ही तेव्हा साधी बाब नव्हती.

या खटाटोपात रमाबाईंनी आणखी एक काम अंगावर घेतलं होतं. तेव्हाचं मराठी बायबल संस्कृतप्रचुर होतं, केडगावच्या पोरींना ते कळायचं नाही. मग साध्या मराठीत नवं भाषांतर करायचं ठरलं. तेही इंग्रजीवरून नाही. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक त्या चाळिशी उलटल्यावर शिकल्या. भाषांतर त्यांचं, जुळणी आणि छपाई मुक्तीतल्या बायकांची.

१९१९ मध्ये सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं.

ज्या मनोरमावर पुढचं सगळं सोपवायचं होतं, ती २४ जुलै १९२१ ला गेली. वय ४०. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता लेक. रमाबाई पुन्हा मुद्रितं तपासायला बसल्या. शेवटची पानं तपासून व्हावीत एवढा वेळ त्यांनी मागितला होता असं केडगावला सांगतात. ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे झोपेतच त्या गेल्या.

संपूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडलं. त्यातलं एकेक अक्षर जुळवणाऱ्या हातांत दुष्काळात आलेल्या मुलींचे हातही होते.